वॉकरांचं मूळ गाव

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

वॉकर! जावयाचं आडनाव वॉकर!

सकाळी सव्वासातला आसावरीचा फोन. एवढ्या लवकर पोरीचा फोन म्हणजे काहीतरी बिनसलंय असं समजून मी झटकन उचलला. तर म्हणे, "आई, नेथनने विचारलं. मी हो म्हटलं." कुठे विचारलं? स्टेट कॉलेज या त्यांच्या गावी, बसस्टॉपवर! कॅम्पसची बस चुकली, पुढची वीस मिनिटांनी होती, तेवढ्यात उरकलं. मी रडले, हसले, चहा उतू गेला. हेमचंद्रने फोन घेतला आणि चार वेळा "गुड, गुड" म्हणाला. हा माणूस रिटायर झाला त्या दिवशीही इतकं बोलला नव्हता.

नेथनला आम्ही दोन वर्षं ओळखतो. शाळेत मुलांना बँड शिकवतो, उंच आहे, लाजरा आहे, माझ्या हातचा वरणभात दोनदा मागून घेतो. पण लेकीचा मित्र वेगळा आणि स्थळ वेगळं! स्थळ म्हटलं की चौकशी आली. मी लगेच विचारलं, "त्यांचं मूळ गाव कुठलं?"

"पेनसिल्व्हेनिया, आई. तुला माहितीये."

"ते राहायचं. मूळ कुठलं? आडनाव कशावरून पडलं?"

"त्यालाच माहीत नाही! हू आस्क्स दॅट, यार!"

मी विचारते. इथे अमेरिकेच्या दक्षिणेत अल्फारेटाला आल्यापासून सतरा वर्षं लायब्ररीत चौकशीच्या टेबलावर बसले आहे मी, अर्धवट उत्तर मला पचत नाही. नेथनला माहीत नसेल तर मी शोधून काढीन. लायब्ररी उद्या दहाला उघडते.

१० सप्टेंबर, बुधवार

सापडलं! आणि काय सापडलं!

वॉकर हा धंदा आहे. आपल्याकडे सुतार, लोहार, कासार, तसा. इंग्लंडात सातशे-आठशे वर्षांपूर्वी मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरविरीत असायचं. ते हौदात भिजवायचं, त्यात एक खास माती घालायची आणि माणसांनी आत उतरून तासन्‌तास पायांनी तुडवायचं. तुडवून तुडवून कापड आटतं, धागे एकमेकांत घुसतात, थंडीवारा आत येत नाही. ते तुडवणारा तो वॉकर. पुढे पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले आणि माणसांचे पाय मोकळे झाले. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आणि हौदात पाण्याबरोबर काय ओतायचे? शिळं मूत्र! लोकरीचा तेलकटपणा जातो म्हणे. घरोघरी मडकी ठेवून गोळा करायचे. मला इतका आनंद झाला की जेवतानाच हेमचंद्रला सांगून टाकलं. त्याने आमटीची वाटी बाजूला सरकवली.

"वसुधा, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात."

"ऋषी कुठले आलेत? कापड तुडवणारी माणसं आहेत. आणि मला तर फार आवडली!"

लोकरीचा विषय निघाला की तो असाच गप्प होतो. मी आपली बोलत राहिले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

देवळात नागपूरची शोभना भेटली. तिने विचारलं, "घराणं कसं आहे ग?" म्हटलं, "लोकरीतलं." ती म्हणाली, "अय्या, टेक्स्टाइलवाले का!" मी मान डोलावली.

१४ सप्टेंबर, रविवार

आज दिवसभर नकाशे. कंबर धरली, पण उठवेना!

एकच काम आणि इंग्लंडात त्याला तीन नावं. आग्नेयेकडे हेच काम करणारा फुलर. नैर्ऋत्येकडे, डेव्हन-कॉर्नवॉलच्या बाजूला, तो टकर. आणि उत्तरेकडे वॉकर! म्हणजे नुसत्या आडनावावरून कळतं की खापरपणजोबा कुठल्या नदीच्या पाण्यात पाय भिजवत होता. जुन्या खानेसुमारीचे ठिपके नकाशावर पाहिले — यॉर्कशायर, लँकेशायर, वर स्कॉटलंड, सगळं गच्च भरलेलं. खाली दक्षिणेत विरळ. शेकडो वर्षं लोटली, आगगाड्या आल्या, गिरण्या आल्या, तरी बहुतेक माणसं आपल्या टापूतून हललेली नाहीत.

नेथनचं मूळ मी यॉर्कशायर धरलं आहे. तिथे ठिपके सगळ्यात दाट आहेत.

आसावरीला फोन केला. मागून नेथनचा आवाज, "त्यांना सांग, मला ओले मोजे अजिबात सहन होत नाहीत!" हसून हसून पुरेवाट. किती गोड मुलगा!

१७ सप्टेंबर, बुधवार

आज जरा खजील झाले आहे. झालं ते लिहिते.

हेमचंद्रच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले. काउंटरवरच्या बाईंच्या छातीवर बिल्ला — वॉकर. पन्नाशीच्या, कृष्णवर्णीय, चष्मा साखळीला लावलेला. मला काय राहवतंय! हौद, माती, यॉर्कशायर, सगळं एका दमात सांगितलं. मूत्रसुद्धा सोडलं नाही. मागे रांग.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान आहे हो. पण माझ्या माणसांनी यॉर्कशायर कधी पाहिलं नाही. पणजोबांच्या वडिलांना हे नाव इथल्याच एका कापसाच्या मळ्यावर मिळालं. मालकाचं होतं."

त्याच पुढे म्हणाल्या, "गुलामीतून सुटका झाली तेव्हा टाकून देता आलं असतं. पण त्यांची बहीण लहानपणी विकली गेली होती. ती कधी शोधत आली तर कुठल्या नावाने शोधेल? म्हणून ठेवलं."

"मग आल्या का त्या?"

"नाही."

घरी येऊन अमेरिकेच्या जनगणनेचे आकडे काढले. पाच लाखांहून जास्त वॉकर आहेत या देशात, आणि त्यांतला साधारण दर तिसरा कृष्णवर्णीय. हा आकडा मी परवाही पाहिला होता. पाहून पुढचं पान उघडलं होतं. सतरा वर्षं चौकशीच्या टेबलावर बसून मी हे शिकले!

त्या बाईंना माझ्या वागण्याबद्दल सॉरी म्हटलं पाहिजे. पुढच्या महिन्यात गोळ्या आणायला मीच जाईन.

नेथनचं मात्र सरळ आहे. गोरा माणूस, पेनसिल्व्हेनिया, इंग्लिश नाव. तिथे काही गुंता नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आली का पंचाईत!

व्हिडिओ कॉलवर आसावरी उड्या मारत होती. "आई, आयडिया! पत्रिकेत एक एक्स्ट्रा पान टाकूया. दोन्ही आडनावांची स्टोरी. एका बाजूला वॉकर, एका बाजूला म्हसवडकर. वॉकरचं तू केलंसच, आता आपलं कर ना!"

मी घाईघाईने म्हटलं, "माझ्या माहेरचं घाल की. पोतदार. नाणी पारखून घेणारे —"

"ते शंभर वेळा सांगितलंयस ग. बाबांचं सांग. बाबा, आपलं काय?"

"म्हसवड गावचे म्हणून म्हसवडकर. झालं," हेमचंद्र म्हणाला.

"आणि त्याच्या आधी? त्याच्या आधी काहीतरी असेल ना, बाबा?"

"आधी काही नव्हतं." आणि उठून आत गेला. आसावरी रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मी चकलीच्या भाजणीचा विषय काढला. दिवाळीला महिना आहे अजून!

इथे तरी लिहिते. ही वही कोणी वाचत नाही.

आधी सणगर होतं. हेमचंद्र सणगर. सणगर म्हणजे घोंगडी विणणारे. म्हसवडची घोंगडी पार सोलापूरपर्यंत नावाजलेली. सासरे खड्ड्याच्या मागावर बसायचे, सासूबाई चिंचोक्याची खळ शिजवून लोकरीच्या सुतावर चढवायच्या. हेमचंद्र इंजिनिअरिंगला पुण्याला गेला तेव्हा वळकटीत बापाने विणलेलं घोंगडं होतं. होस्टेलची पोरं तो खोलीत शिरला की नाक धरायची आणि मेंढ्या हाकतात तसा आवाज काढायची. तीन वर्षं. चौथ्या वर्षी, १९७४ साली, त्याने गॅझेटात आडनाव बदलून घेतलं आणि मग घरी जाऊन सांगितलं. सासरे ओरडले नाहीत, काही नाही. फक्त विचारलं, "मंग आता तुला पत्र धाडायचं तर वर कंचं नाव घालू?"

हे मला त्याने सांगितलेलं नाही. आमचं आम्हीच जमवलेलं लग्न, नोंदणी पद्धतीने, तिथेही म्हसवडकरच. वर्षभराने सासूबाईंनी चुलीपुढे बसून सांगितलं. मी महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाही. नावाचा राग नव्हता, माझ्यापासून लपवलं त्याचा होता. एका रात्री तो म्हणाला, "आता तुला कळलंय ना, मग पुढे कुणाला नको." मी बरं म्हटलं. मग मीही गप्पच बसले, ते आजवर. पोटच्या पोरीलाही सांगितलं नाही.

आणि माझं माहेर मात्र मी शंभर वेळा सांगितलं. मिरवण्यासारखं होतं, म्हणून मिरवलं.

पत्रिकेचा मजकूर वीस ऑक्टोबरपर्यंत प्रेसला द्यायचा आहे. त्या कोऱ्या पानावर काय लिहू?

२३ सप्टेंबर, मंगळवार

भांडण. कडाक्याचं.

मी म्हटलं, "वॉकर लोकर तुडवायचे, तुम्ही लोकर विणायचे. योगायोग म्हण, काही म्हण, पण किती सुंदर आहे हे! सांगूया ना तिला."

"त्यांचं इंग्लिश आहे. इंग्लिश नावाचा अर्थ काही निघाला तरी लोक वा वा करतात. तू मूत्राचं सांगितलंस तरी हसले सगळे. आमच्यावर कोण कसं हसलं ते तू ऐकलं नाहीस."

"त्याला पन्नास वर्षं झाली, हेमचंद्र."

"मला नाही झाली."

थोड्या वेळाने तो स्वतःच म्हणाला, "मी नाव टाकलं याची लाज वाटत नाही मला. आबांनी पत्रावर नाव काय घालू असं विचारलं ना, त्याची वाटते. आसावरीला सांगायचं तर तेही सांगावं लागेल." आणि मग, "तू सांगणार नाहीस. शब्द दे."

दिला. द्यावाच लागला.

२४ सप्टेंबर, बुधवार

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का!

२८ सप्टेंबर, रविवार

आपलं सांगता येत नाही तर त्यांचं तरी थाटात सांगू!

ठरलं. अकरा ऑक्टोबरला स्टेट कॉलेजला साखरपुडा आहे. नेथनकडची सगळी मंडळी येणार, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आजोबासुद्धा, रे वॉकर त्यांचं नाव. व्याह्यांना भेट म्हणून मी मोठा तक्ता करते आहे — "वॉकर घराणं: उगम आणि विस्तार". मधोमध इंग्लंडचा नकाशा, फुलर-टकर-वॉकर तीन रंगांत. खाली हौद तुडवणाऱ्या माणसांचं चित्र. उजवीकडे अमेरिकेचा नकाशा, कुठल्या राज्यात किती. औषधाच्या दुकानातल्या बाईंची हकिकत नावाशिवाय घालणार आहे, तो दर तिसरा माणूस गाळून हा तक्ता पुरा होत नाही. आणि यॉर्कशायरहून पेनसिल्व्हेनियापर्यंत एक लांब तांबडा बाण!

आसावरी म्हणाली, "आई, मुलाकडच्यांना मुलाच्या घराण्याची माहिती मुलीची आई देणार? धिस इज सो यू."

आपल्याकडे व्याह्यांनी दिलेली माहिती आपण गुपचूप पडताळून बघतो. मी उघड पडताळते आहे, एवढाच फरक.

४ ऑक्टोबर, शनिवार

तक्ता टेबलावर पसरला होता. हेमचंद्र येता-जाता बघत होता, बोलत नव्हता. शेवटी राहवेना त्याला. "मोजमापपट्टी कुठेय? हा काय नकाशा आहे!" चाळीस वर्षं पूल बांधलेला माणूस! मग खुर्ची ओढून बसला आणि चार तास पेन्सिल, पट्टी, खोडरबर. यॉर्कशायरची नदी मी चुकीच्या बाजूने वाहवली होती, ती नीट केली. ठिपके पुन्हा मोजून टाकले. मधेच विचारतो, "तुडवून झाल्यावर वाळवायचे कसे? लोकर वाळताना आक्रसते, ओढ लागते." मी सांगितलं, लाकडी चौकटींना आकड्यांनी ताणून बांधायचे. "हां, मग बरोबर आहे," म्हणाला. त्याच्या हातांना ते माहीत होतं. मी मान वर केली नाही.

फ्रेमवाल्याकडे दिला. मंगळवारी मिळेल. कधी एकदा अकरा तारीख येते असं झालंय!

१२ ऑक्टोबर, रविवार. हॅरिसबर्ग विमानतळ

हात दाखवून अवलक्षण. दुसरं काय म्हणू?

साखरपुडा छानच झाला. अपार्टमेंटच्या हॉलमध्ये तीस माणसं. नेथनच्या आईने आसावरीची ओटी भरली, नारळ घट्ट धरून, मी शिकवल्याप्रमाणे. साखरेचे पुडे दिले-घेतले. मग मी तक्ता उघडला. काय टाळ्या! मी बोलले तब्बल पंधरा मिनिटं. नेथनचे वडील त्या तांबड्या बाणावर बोट ठेवून ओरडले, "म्हणजे आपण यॉर्कशायरचे! ऐकलंत का पप्पा?"

आजोबा उठून बाहेर गेले.

मला वाटलं त्यांना बरं वाटत नाही. पाणी घेऊन मागोमाग गेले. हेमचंद्र आधीच तिथे होता, हॉलमध्ये गरम होतं म्हणून केव्हाचा बाहेर उभा. रे आजोबा बाकावर बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "फार सुंदर नकाशा आहे, मॅडम. एवढी मेहनत माझ्यासाठी कोणी कधी घेतली नाही. पण त्यातलं काही माझं नाही."

मला कळेना.

"मी पहिलीत पेत्राश होतो. दुसरीत वॉकर. वडील स्लोव्हाकियातून आले होते, कोळशाच्या खाणीत होते. पेत्राश नावाच्या माणसाला तिथे कायम खालचं, पाण्यातलं काम. एक दिवस ते म्हणाले, उद्यापासून आपण वॉकर. आमच्या घरासमोर जनावरांच्या चाऱ्याचं दुकान होतं, त्याच्या पाटीवरून घेतलं. मला म्हणाले, कुणाला सांगायचं नाही. मी सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मुलाला ठाऊक नाही." आतून हसण्याचा आवाज येत होता. "आणि आता तो आत यॉर्कशायरचा झालाय."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्या शेजारी ठेवला. म्हटलं, मला माफ करा. ते म्हणाले, नाही नाही, तुम्ही कुठे काय केलंत. मग हेमचंद्रकडे वळले. "ऐंशी वर्षं उशिरा एखादी गोष्ट कशी सांगायची, ठाऊक आहे का तुम्हाला?"

हेमचंद्र त्यांच्या शेजारी बसला. दोघं समोरच्या पार्किंगकडे बघत होते. मी आत आले आणि सगळ्यांना पेढे वाटले.

आत्ता तो माझ्या शेजारी बसलाय. विमानाला तासभर आहे. बोलावणी झाली तरी त्याला ऐकू जाईल की नाही कोण जाणे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

गुंता नाही, असं मी लिहिलं होतं. मागे जाऊन वाचलं. औषधाच्या दुकानात एवढं ऐकून आले आणि तरी तो बाण काढला! रे आजोबांनी मुलांना सांगितलं नाही तर तो तक्ता त्यांच्या दिवाणखान्यात लागेल आणि त्या म्हाताऱ्या माणसाला रोज बघावा लागेल. माझ्यामुळे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं! रे आजोबांनी सगळ्यांना सांगितलं!

आसावरीचा फोन आला तेव्हा मी गाडी चालवत होते, चक्क बाजूला घेऊन थांबवली. काल संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना घरी बोलावलं, तक्ता मागवून भिंतीला टेकवला आणि त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. नेथनचे वडील उठून अंगणात गेले म्हणे, अर्धा तास आत आले नाहीत. मग आले आणि बापाच्या पायाशी बसले. नेथन सारखा ते नाव म्हणून बघतोय. पेत्राश, पेत्राश.

"आई, आणि आजोबा इज नॉट मॅड अॅट यू! उलट विचारतायत, वसुधा पेत्राशचं पण शोधून देईल का?"

देईल का? देईल का! आज लायब्ररी आठपर्यंत उघडी आहे. स्लोव्हाकियाचे नकाशे, बोटीच्या याद्या, खाणीच्या गावातल्या चर्चच्या नोंदी — एवढं काम पडलंय! या वेळी आधी माणसाला विचारणार, मग बाण काढणार.

फोन ठेवताना आसावरी म्हणाली, "आजोबा बाबांबद्दल विचारत होते. म्हणाले, तुझे बाबा फार नीट ऐकतात. व्हाय वुड ही से दॅट, आई?"

मी म्हटलं, मागे ट्रक हॉर्न देतोय, ठेवते. ट्रक नव्हता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

हेमचंद्र गॅरेजमध्ये तासभर फोनवर. रे आजोबांशी. तो एकटाच बोलत होता! काय ते ऐकू आलं नाही, मी दाराला कान लावूनसुद्धा. बाहेर आला तो डोळे लाल. म्हणाला, "वसुधा, तुझा शब्द तुला परत." मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तूच सांग." सोमवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे. आज आसावरीला फोन केला नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज सांगितलं. मी चकल्या पाडत होते, पिठाचे हात घेऊन तशीच उभी राहिले. फोन स्पीकरवर. "आसावरी, आपण सणगर. तुझे आजोबा घोंगडी विणायचे. मला लाज वाटली म्हणून मी नाव बदललं. आबांना फार लागलं असणार." एका दमात, उभ्या उभ्या.

ती रडत म्हणाली, "बाबा, आय नो. मला माहितीये. चौदा वर्षांची होते ना, म्हसवडला, आजीने मला मागावर बसवलं होतं. म्हणाली, तुझ्या बाला वाटतं कुणाला ठाव नाही, तर वाटू दे. त्याला सांगू नगंस, जिवाला लागंल त्याच्या. मी प्रॉमिस केलं होतं."

अठरा वर्षं! आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून.

हेमचंद्र खाली बसला. मला वाटलं आता कोसळणार हा. तो फोनजवळ वाकला आणि विचारलं, "माझ्या आईने काय विणायला दिलं होतं तुला?"

"किनार. काळी."

"किनार अवघड असते," तो म्हणाला.